गायरानावरची फेरी

बार्शी नाक्यावर गाडी थांबली तेव्हा यशोधराला समोरच्या फ्लेक्सवर एक बाई दिसली, आणि हिला आपण कुठेतरी पाहिलं आहे असं वाटून ती जरा वेळ आठवत राहिली. बाईचे केस नुकते उगवल्यासारखे आखूड होते, हसू ओळखपत्रावरच्यासारखं परवानगीपुरतं होतं, आणि तिच्यामागे एक तांबडी मोटार उभी होती, जिची दारं पंखांसारखी वर उघडलेली होती. असली मोटार बीड जिल्ह्यात कधी आली नव्हती, आणि आली असती तर पहिल्या गतिरोधकावरच तिचं पोट फाटलं असतं. ‘कर्करोगाला चारी मुंड्या चीत करणारी बीडची रणरागिणी’ अशी ओळ बाईच्या डोक्यावर होती. खाली, बाईच्या तिप्पट आकाराचे, हात जोडलेले पुढारी अमरसिंह. आणि अमरसिंहांच्या भोवती, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे लहानमोठी झालेली, कार्यकर्त्यांची मुंडकी. साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य मोटार शर्यत, रविवारी, शिरूर कासारच्या माळावर. बाई आपणच आहोत हे तिला कळलं ते गळ्याशी गच्च ओढून घेतलेल्या ओढणीवरून. ती ओढणी तिने कॉलेजच्या स्नेहसंमेलनात घेतली होती, औषधासाठी छातीत बसवलेल्या नळीचा व्रण झाकायला. आणि आता झाकलेला तो व्रण नाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला बातमी म्हणून वाचता येत होता. सिग्नल सुटला. तिने डावा पाय उचलला, निदान उचलला असं तिला वाटलं. गाडीने हिसका दिला आणि ती बंद पडली. मागून रिक्षावाला ओरडला, “ओ मॅडम, फोटूच बघत बसायचा का? तुमचाच हाय का काय त्यो?” त्याने विनोद केला होता. तिने आरशात पाहून होकारार्थी मान हलवली, तेव्हा तो आणखीच हसला.

ती ओळ ज्याने रचली त्याने कुस्ती पाहिली असावी, आजार पाहिलेला नसावा. कुस्तीत चीत झालेला गडी उठतो, माती झटकतो आणि आपल्या गावाला जातो. हा गेलेला नव्हता. पंधरवड्यापूर्वी आंघोळीच्या वेळी, डाव्या हासळीच्या हाडामागे, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी तिच्या बोटाला लागलं होतं; दाबलं की सरकणारं, सोडलं की परत जागेवर येणारं, एखाद्या जुन्या भाडेकरूसारखं घराची सवय असलेलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांना तिने फोन केला. त्यांनी स्कॅन करायला लगेच बोलावलं आणि तिने रविवारनंतरचा दिवस मागून घेतला. कारण विचारलं तेव्हा ‘घरगुती कार्यक्रम आहे’ असं सांगितलं. घरात मात्र तिने हे कुणालाच सांगितलं नाही. घरात सांगण्यासारखं माणूस एकच होतं, तिचे वडील माणिकराव. आई ती शिकत असतानाच गेली होती. आणि वडिलांना सांगायचं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरची ती रेष पुन्हा पाहायची, जी मागच्या खेपेला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उमटली आणि अजून पुरती गेली नव्हती. तेव्हा ती नाक्यावरून पुढे निघाली, कॉलेजात गेली, आणि सरासरीपासूनचं विचलन कसं काढायचं ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवून आली.

ती संख्याशास्त्र शिकवत असे. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांपुरतं आपण अस्तित्वात आहोत हे मान्य करण्याच्या तत्त्वावर. आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी तिला सौजन्याने टक्केवारी सांगितली होती: शंभरातल्या किती जणी किती वर्षं जगतात. त्या शंभर बायका तिच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. फळ्यावर तिने त्यांना कितीदा तरी उभं केलं होतं, खडूने त्यांची वर्गवारी केली होती, आणि त्यांच्यातली एकही कधी उलटीसाठी उठली नव्हती किंवा उशीवर पडलेले केस गोळा करून पुडी बांधायला बसली नव्हती. टक्केवारी बिनचूक असते आणि ती कुणाचीच नसते, हे तिने मुलांना परीक्षेपुरतं सांगितलं होतं. आता ते तिला परीक्षेपलीकडेही कळलं. पुढे वर्षभर तिच्या देहाविषयीचे सगळे आकडे दुसऱ्यांनी काढले. रक्तातल्या पेशी किती, गाठ किती सेंटिमीटरने आक्रसली, मूत्रपिंड किती तग धरील. आकडे आले की नातेवाईक हसत किंवा गप्प होत, आणि ती पडल्या पडल्या त्यांच्या चेहऱ्यांवरून स्वतःची प्रकृती वाचत असे. तिने स्वतः घडवलेला, तिच्या हातापायांनी या जगात उमटवलेला असा एकही आकडा त्या वर्षात नव्हता. शर्यतीचं वेड तिला का लागलं, हे विचारणाऱ्यांना ती वेगाची आवड वगैरे काहीतरी सांगे. खरं कारण एवढंच होतं की तिला एक नोंद हवी होती. एकच. शंभर बायकांमधून बाहेर काढलेली.

आणि आणखी एक, जे तिने कुणालाच सांगितलं नसतं. औषधाच्या एका खेपेनंतर संभाजीनगरहून परत येताना माणिकरावांना चष्म्यातून समोरचं नीट दिसेना, म्हणून गाडी तिने घेतली होती. गेवराईच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर आडवा आला. ट्रॉल्यांवर उसाच्या मोळ्या घरांएवढ्या रचलेल्या, त्यांची पाती दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोळत होती. ती त्या ट्रॅक्टरमागून बराच वेळ रांगत राहिली, आणि मग, कसलाही विचार न करता, उजवीकडे काढून तिने गाडी सोडली. पाती काचेवर सपासप वाजली, समोरून एक बस येत होती, तिच्यात आणि ट्रॅक्टरच्या तोंडात जेवढी फट होती तेवढ्यातून ती पार झाली. तेवढा वेळ ती आजारी नव्हती. बरी होती असंही नव्हे; हा प्रश्नच त्या फटीत मावत नव्हता. माणिकरावांनी बऱ्याच वेळाने धरलेली मूठ सोडली. “असं पुन्यांदा नको गं माय,” ते म्हणाले. तिने बरं म्हटलं, आणि त्याच आठवड्यात मोटारींच्या हौशी शर्यती कुठे भरतात त्याची चौकशी सुरू केली.

तिची गाडी वापरलेली होती, पांढरी, मागचं आसन काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला. पंखांच्या दारांशी तिचं नातं एवढंच की तिलाही चार चाकं होती. दोनदा ती शर्यतीत उतरली, एकदा नाशिककडे आणि एकदा संभाजीनगरच्या बाहेर, आणि दोन्ही वेळा फेरी पुरी झाली नाही. औषधाने तिच्या तळपायांच्या नसा मारल्या होत्या. पायाखाली क्लच आहे की नुसती चटई, हे तिला पायाने कळत नसे. ते गुडघ्याच्या कोनावरून, मांडीतल्या ताणावरून, आणि मुख्य म्हणजे इंजिनाच्या आवाजावरून ताडावं लागे, भिंतीपलीकडचं बोलणं ताडावं तसं. नाशिकला वळणावर पाय घसरला आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा गाडी खुणेच्या शंकूंवर चढली. दोन्ही ठिकाणी फळ्यावर तिच्या नावापुढे एक आडवी रेघ मारण्यात आली. मग ती रोज पहाटे बायपासच्या कडेला जाऊन नुसता पाय उचलत आणि टेकवत राहिली, महिनोन्‌महिने, जोवर कानाला पायाचं काम येईना तोवर. आता ते येत होतं. सिग्नलला अजून चूक होई, कारण सिग्नलला मन दुसरीकडे जाई. शर्यतीत मन दुसरीकडे जाणार नव्हतं. रविवारी, शिरूरच्या माळावर, तिच्या नावापुढे एक वेळ लागणार होती. आणि हासळीमागचा दाणा काय म्हणतो ते त्यानंतर पाहायचं होतं. नंतरचा रविवार मिळेलच, असं गृहीत धरण्याइतकी ती आपल्या विषयात कच्ची नव्हती.

अडचण माळाची होती. शर्यत होती ते शिरूर तालुक्यातलं गाव यशोधराच्या घराचं मूळ गाव, आणि फ्लेक्सवर ज्याला माळ म्हटलं होतं ते गावचं गायरान. धर्मांतरानंतर तिच्या आज्याने गावकीची कामं सोडली, तेव्हा गावाने त्याला कामही दिलं नाही आणि दाणाही. मग त्याने आणि आजी दगडाबाईने गायरानाचा एक तुकडा फोडला. दोघांनी हातांनी वेचून धोंडे काढले, कडेला रचले, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यात बाजरी उभी केली. कणसं भरली तेव्हा अमरसिंहांच्या वडलांनी त्यात गावची जनावरं सोडली. गायरान जनावरांसाठीच असतं, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो कायद्याला धरून होता. त्या घराण्याचं सगळंच नेहमी कायद्याला धरून असे. आज्याने भांडण केलं नाही. त्याने एक नियम केला: त्या घराण्याच्या ओसरीवर मागायला जायचं नाही. त्या घरात राजकारण आलं, बदल्या, शिफारशी, टँकर, नोकऱ्या सगळं त्या ओसरीवरून वाटलं जाऊ लागलं, तरी नियम टिकला. माणिकराव जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तिच्या लहानपणीची कितीतरी वर्षं त्यांनी तिकडे उमापूरला एकट्याने खोली करून काढली, कारण बदलीसाठी एक शब्द टाकायला त्या ओसरीवर जावं लागलं असतं. तिच्या आजारपणात शिफारशीचं पत्र मिळालं तर खर्चाला मदत होईल असं लोकांनी सुचवलं, तेव्हा त्यांनी शहराबाहेरचा प्लॉट विकून टाकला आणि विषय संपवला. देव यशोधराच्या घरात नव्हते. हा नियम होता.

म्हणून शर्यतीत नाव घातल्याचं तिने सांगितलं तेव्हा माणिकराव ताटावरून उठायचेच बाकी राहिले.

“त्यांच्या दारात जाऊन पळायचं?”

“दारात न्हाई पप्पा. गायरानात. शर्यत सगळ्यांना खुली हाय, मी नाव रीतसर घातलंय. मागायला चालले न्हाई, पळवायला चाललेय.”

“कावून पण? दुसरं रान न्हाई का कुठं?”

तिला सांगता आलं असतं की दुसऱ्या रानावरची शर्यत वैशाखात आहे आणि वैशाख लांब आहे. ती म्हणाली, “आज्याचंच रान हाय ना ते? मंग मला कोण अडवतंय?” हे वाक्य तिला बोलताना फार आवडलं होतं. आठवडाभर माणिकराव घरात पाहुण्यासारखे वावरले, एक दिवस सकाळीच धुतलेला शर्ट घालून कुठेतरी जाऊन आले, पेन्शनीचं काम होतं म्हणाले, आणि त्या रात्री जेवताना अचानक म्हणाले, “जा तू. मी बी येतो.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते भाकरीचा पापुद्रा सोलत होते, अतिशय लक्षपूर्वक. वडील वाकले, असं तिला वाटलं. आपल्या हट्टापुढे वाकले, आणि याचा तिला आनंद झाला. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती या आनंदाची.

रविवारी गायरान ओळखू येत नव्हतं. जेसीबीने ते घासून काढलं होतं, चुन्याच्या रेषा ओढल्या होत्या, आणि वळणांच्या कडेला धोंड्यांच्या रांगा लावून त्यांनाही चुना फासला होता. ते धोंडे कुठून आणले हे तिला विचारावं लागलं नाही. कडेचा तो जुना ढीग निम्मा झाला होता. दिवाळी होऊन गेलेली, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या, त्यामुळे गावात म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी उरली होती. म्हातारी माणसं मांडवाच्या मागे उन्हात बसली होती. मांडवात बीडहून आलेले कार्यकर्ते होते, कोचांवर. आणि पहिल्याच ओळीत, खुर्चीच्या कडेवर, मुलाखतीला आल्यासारखे माणिकराव. त्यांना तिथे कुणी बसवलं, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि हेल्मेट घालताना राहून गेला. एकेक गाडी सुटत होती. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर पुण्याहून भाड्याने आणलेले काळे डबे बसवले होते, त्यांच्यासमोरून गाडी गेली की वेळ आपोआप पकडली जाई, आणि कर्ण्यावरून ती लगेच सांगितली जाई, मिनिटांत, सेकंदांत आणि सेकंदांच्या भागांत. प्रत्येक आकडा ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाही. ही लोभाची भावना होती. इतकी निखळ लोभाची भावना तिला आजारानंतर झाली नव्हती.

मग झेंडा पडला आणि ती सुटली. पहिल्या सरळ पट्ट्यावर तिने ऐकण्यापलीकडे काही केलं नाही. इंजिनाचा आवाज चढत गेला, एका ठिकाणी त्याला धार आली, तिथे गुडघा आपोआप वर आला, हात खाली गेला, आवाज पडला आणि पुन्हा चढू लागला. पाय कुठेही नव्हता. पायाचं काम मात्र होत होतं. पहिल्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला आणि धोंड्यांच्या पांढऱ्या रांगेकडे सरकू लागला, आणि ती रांग तिला फार सावकाश, एकेक धोंडा वेगळा दिसावा इतकी सावकाश जवळ येताना दिसली. यांतला प्रत्येक कुणाच्या तरी हातातून गेलेला आहे, असं तिच्या मनात आलं. दगडाबाईची मेल्यानंतरची बोटं तिला आठवली, नखं आत वळलेली, जन्मभर काहीतरी उकरत असल्यासारखी. आणि तेवढ्यात हातांनी चाक उलट फिरवलं होतं, मागचा भाग जागेवर आला होता, धोंडे मागे गेले होते. मशीनच्या बोगद्यात तिला सरकवत तेव्हा असंच पांढरं काहीतरी डोळ्यांजवळून जाई आणि आतून आवाज येई, श्वास धरा, श्वास सोडा. इथे श्वास कुणी मागत नव्हतं. धुळीचा लोट पुढच्या काचेवर आला, त्यातून एकदम ऊन फुटलं, दुसरं वळण, तिसरं. हासळीवरचा पट्टा करकचून आवळला गेला आणि त्याखाली तो दाणा दुखला. दुखू दे, तिला वाटलं, तोही चालला आहे आपल्याबरोबर, त्यालाही घेऊन चालले आहे मी. शेवटच्या वळणावर ब्रेक मारायचा तिथे तिने तो मारला नाही. ठरवून मारला नाही, की पायाने सांगितलं नाही, हे तिला नंतरही कळलं नाही. गाडी आडवी घसरत घसरत सरळ झाली आणि काळ्या डब्यांच्या मधून अशी गेली की मांडवातली माणसं उठून उभी राहिली. ती थांबली. हेल्मेट काढलं. कानांत आधी शांतता होती, मग कर्णा. कर्ण्यावर कुणीतरी म्हणत होतं की मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालणाऱ्या आपल्या भगिनीसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. आणखी झाल्या पाहिजेत. आणखी झाल्या. आकडा आला नाही.

ती चालत टेबलाकडे गेली. टेबलाशी पंडित नावाचा अमरसिंहांचा माणूस बसला होता, फ्लेक्सवरच्या दुसऱ्या रांगेतला.

“माझा टाइम?”

“बसा की ताई. पाणी घ्या, थंड हाय.”

“टाइम सांगा.”

“तुमचा टाइम का?” पंडित हसला आणि शेजारच्याकडे पाहिलं. “तुमचा तर भारीच टाइम चाललाय. सगळ्या जिल्ह्यात फ्लेक्स लागलेत!” शेजारचा हसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून पंडितचं हसू आटलं. “तसं न्हाई ताई. तुमची फेरी सत्काराची व्हती. मशीन बंद ठेवायला सांगितलं व्हतं. सायेबांशी बोला तुमी.”

साहेब स्वतःच येत होते, शाल घेऊन. अमरसिंह सौम्य माणूस होता. त्याच्या वडलांचा आवाज दोन शेतं पलीकडे ऐकू जाई. हा आवाज चढवत नसे, कारण त्याची गरज राहिली नव्हती. त्याने शाल तिच्या खांद्यांवर घातली, फोटो होईपर्यंत दोघेही तसेच उभे राहिले, आणि मग तो फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला.

“कमाल केली ताई तुमी. खरं सांगतो, माझा तर जीवच गेलता.”

“मशीन कुणी बंद करायला लावलं?”

“आता रागावू नका. न सांगायचं ठरलंय आमचं.” तो थोडा थांबला. सांगण्यात जे सुख होतं ते त्याला आवरलं नाही, आणि ते सुख त्याला बहुधा कौतुकासारखं वाटत असावं. “गुरुजी आलते माझ्याकडं. वाड्यावर. म्हणले, पोरीला न्हाई म्हणू नका, तिचं मन मोडंल, पर घड्याळ लावू नका. म्हणले, मी तीस वर्सं शाळेत पोरं पळवली, हातात घड्याळ नसलं की पोरं शेवटाला चालत येत्यात. घड्याळ नसंल तर सावकाश चालवंल ती.” त्याने हात जोडल्यासारखे केले. “बापाची माया हाय. आणि तुमच्या आज्यापासून आमच्या ओसरीवर कुणी मागायला आलं नव्हतं, ताई. गुरुजी पहिल्यांदा आले. बसा म्हणलं तरी बसले न्हाईत, उभ्यानंच मागितलं. आता मी न्हाई कसं म्हणणार?”

शालीची लोकर तिच्या मानेला टोचत होती. तिला प्रथम आठवला तो धुतलेला शर्ट. मग तिला वाटलं की ही चूक या जगात तिच्या वडलांशिवाय दुसऱ्या कुणालाही करता आली नसती: मास्तर असलेल्या माणसाला, ज्याने आयुष्यभर मुलांना शिट्टीवर पळताना पाहिलं आणि शिट्टीशिवायही कुणी पळतं हे ज्याच्या पाहण्यात आलं नाही. तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन जे एकच ऐश्वर्य साठवलं होतं, न मागण्याचं, ते त्यांनी एका सकाळी धुतलेल्या शर्टात नेऊन त्या ओसरीवर ठेवलं, आणि त्याच्या बदल्यात काय आणलं तर तिच्यासाठी थोडा सावकाशपणा. आणि तिने तोही घेतला नव्हता.

“परत सोडा मला,” ती म्हणाली. “आत्ता. मशीन लावून.”

“सोडतो की. माझं काय जातंय?” अमरसिंहने मांडवाकडे हात केला. “गुरुजींना इचारून घ्या फक्त. त्यांना शब्द दिलाय मी. ते हो म्हणले की लगेच.”

त्याने हे दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. त्याच्या रीतीत ते बसत होतं: शब्द ज्याला दिला त्यानेच तो सोडवायचा. तिने मांडवाकडे पाहिलं. माणिकरावांनाही कुणीतरी शाल घातली होती. ती खांद्यावरून घसरत होती आणि ते ती एका हाताने सावरत, दुसऱ्या हातातल्या कपातला चहा सांडू नये म्हणून कपाकडे पाहत होते. तिच्याकडे पाहत नव्हते. तिथवरचं अंतर काहीच नव्हतं. जाऊन विचारायचं, पप्पा, मला पळू द्या. चार माणसांत, कोचांवरच्या त्या माणसांसमोर. आणि मग त्यांना चार माणसांत उठून अमरसिंहला सांगायला लावायचं, की मी मागितलेलं परत घ्या. एकाच आठवड्यात दोनदा, त्याच दारात. तिची वेळ तिथे होती, कपाच्या पलीकडे, हात लांब केला तर मिळण्यासारखी. तिने शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. “राहू द्या,” ती म्हणाली. “उन्हं कलली.” उन्हं कलली नव्हती.

परतीच्या वाटेवर तिच्या मनात वाक्यं तयार होत होती. ती चांगली रचलेली वाक्यं होती, अशी की एकेकाने माणूस जागच्या जागी बसावा. आज्याने जनावरं पाहिली तेव्हा तो ओसरीवर गेला नाही. माझं मरण मला मोजता आलं नाही, निदान माझा वेग तरी मोजू द्यायचा होता. तुम्ही मला त्या फ्लेक्सवरच्या बाईच्या हवाली केलंत. प्रत्येक वाक्य ती तपासून पाही आणि बाजूला ठेवी. शेजारी माणिकराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. रस्त्याच्या कडेने कापसाची वेचलेली रानं जात होती, बोंडांची रिकामी टरफलं तेवढी झाडांवर राहिलेली. ते खाकरले.

“किती आला मंग?”

“काय?”

“टाइम. टाइम किती लागला तुला?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. घड्याळ बंद होतं हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनीच बंद करायला लावलं होतं. आणि तरी ते विचारत होते, कारण न विचारणारा बाप संशयास्पद दिसला असता. आवाज मात्र शिकवलेला धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा होता. वाक्यं सगळी तयार होती.

“दोन मिनिटं अकरा सेकंद,” ती म्हणाली.

नसलेला आकडा मुलीने दिला, तेव्हा तिला सगळं कळलं आहे हे त्या क्षणी माणिकरावांनाही कळलं असणार. गुडघ्यावरची बोटं एकदा आत वळली आणि पुन्हा सरळ झाली. त्यांना माफी मागता आली असती. तिला रागावता आलं असतं. दोघांनीही आकड्याकडे पाहिलं, जसं रस्त्यात सापडलेल्या आणि कुणाच्याच नसलेल्या एखाद्या वस्तूकडे पाहावं.

“चांगला हाय का ह्यो?” त्यांनी विचारलं.

“मधला हाय.”

“मधला चांगला,” माणिकराव म्हणाले. आणि मग, खिडकीकडे तोंड करून, “शेवटाला लई जोरात आलीस गं तू. म्या डोळेच मिटले.”

पुढच्या फाट्यावर चहाचं खोपटं होतं, तिथे तिने गाडी थांबवली. ते उतरले. ती चाकावर हात ठेवून बसून राहिली. उद्या संभाजीनगरला जायचं आहे, स्कॅन आहे, हे आता सांगावं लागणार होतं. चहा पिऊन झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. काच खाली होती. चहावाला मान पुढे काढून गाडीतल्या लोखंडी नळ्या न्याहाळत होता.

“हे काय वो काका, पिंजरा कशाला केलाय गाडीत?”

“शर्यतीची गाडी हाय. माझी पोरगी पळवती.”

“आबाबा! पोरगी? आज व्हती का शर्यत? मंग किती टायमात आली?”

“दोन मिनिटं दहा,” माणिकराव म्हणाले.

एक सेकंद त्यांनी कमी केला होता. ज्याला जन्मात कधी एक मार्क वाढवून देता आला नाही त्या मास्तराने तो कमी केला होता, तिच्यासाठी, न अडखळता. चहावाल्याने हातातली किटली खाली ठेवली.

“आन नंबर? नंबर कितवा आला मंग?”

माणिकरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं, आणि गाडीकडे पाहिलं. त्यांना नीट खोटं बोलता यावं म्हणून यशोधराने मान दुसरीकडे वळवली.